न जाळलेला चार टन कोळसा

तुम्ही खोटं छापलंत. नाव घेत नाही, कारण तुमच्या पत्रांवर सहीच्या जागी शिक्का असतो आणि शिक्क्याला नाव नसतं. पण राजधानीतल्या ज्या कचेरीत घरं ऊबदार करायच्या अनुदानाचे नियम लिहिले जातात, तिथे खुर्चीत बसणाऱ्या तुम्हालाच मी हे सांगतो आहे. तुमच्या छापील अहवालात, पान एकेचाळीसवर, आमच्या ओल्शिना गावातलं एक घर 'यशस्वी' म्हणून नोंदलेलं आहे. त्या घराने म्हणे वर्षाला सहा टन कोळसा वाचवला. त्या घरात आज कोणी राहत नाही. ते कसं रिकामं झालं ते लिहितो. वाचा, आणि मग उत्तर द्या.

सुरुवात चमत्काराने झाली. मागल्या वर्षीचा जानेवारी, नाताळ होऊन दोन आठवडे झालेले. रविवारची प्रार्थना संपली आणि अख्खं चर्च सरपंच क्लेमेन्सच्या अंगणात उतरलं. साठ-सत्तर माणसं, त्यांत बायकाच जास्त, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. बर्फ घोट्याच्या वर. भिंतीलगत एक पांढरी पेटी उभी होती, तिच्या पोटात पंखा गरगरत होता. पण पेटीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. क्लेमेन्सच्या धुराड्यातून धूर येत नव्हता.

आमच्याकडे ऑक्टोबर ते एप्रिल धुराड्यातून धूर दिसला नाही, तर शेजारी दार ठोठावतात. आतला माणूस जिवंत आहे ना, ते बघायला. इथे तर क्लेमेन्स दारात उभा होता, बाह्या वर सारून, गाल लाल. लोक रांगेने आत जात, रेडिएटरला हात लावत, बाहेर येऊन छातीवर क्रूस काढत. एका बाईने पेटीलाही हात लावला आणि तो हात आपल्या गुडघ्यांवर फिरवला.

पेटीशेजारी दामियान उभा होता. कंपनीचा माणूस. तिशीचा, पातळ कोट, डोक्यावर टोपी नाही, कारण टोपी घातली असती तर त्यालाही थंडी वाजते हे दिसलं असतं. स्वतःला इंजिनिअर म्हणवायचा. कशातला, हे कोणी विचारलं नाही.

“मंडळी, ही समजा वीज,” म्हणत त्याने चहाचा एक ग्लास उंच धरला आणि स्टीलच्या थर्मासमध्ये ओतला. थर्मास कानाशी नेऊन हलवला. मग टेबलावर चार रिकामे ग्लास मांडले आणि एकामागून एक भरले. “एक ग्लास आत, चार ग्लास बाहेर. वरचे तीन कोणी दिले? या हवेने. हीच हवा, जी तुमची नाकं लाल करते. तिच्यात देवाने ऊब फुकट ठेवलीय. आम्ही फक्त नळ लावतो.”

थर्मासमध्ये आधीच तीन ग्लास चहा होता हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. पण पोरं होती कुठे. ओल्शिनाची पोरं नॉर्वेत जहाजं जोडतात आणि जर्मनीत म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात. इथे उरलेत ते त्यांचे म्हातारे, आणि म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. फादर बेनेडिक्टनी पेटीवर तीर्थ शिंपडलं. भला माणूस. ट्रॅक्टर असो, आगीचा बंब असो, समोर आणाल त्यावर शिंपडतात.

किंमत काय, असं मागून कोणी विचारलं. दामियान याच प्रश्नाची वाट बघत होता. शून्य, म्हणाला. सरकार देणार. ज्याची कमाई कमी त्याला जास्त. आणि घरात एकट्याच राहणाऱ्या, पेन्शनवरच्या माणसाला सगळ्यात जास्त, शंभरातले शंभर.

“इथे एकटं कोण कोण राहतं? हात वर करा. लाजायचं काय त्यात?”

आधी कोणी हललं नाही. मग लोकरी हातमोज्यातला एक हात वर गेला, खांद्याच्या जेमतेम वर. मग दुसरा. मग इकडून तिकडून, हळूहळू. मी मोजले, एकोणीस भरले. आमच्या गावात इतकी माणसं एकटी जेवतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं, तेही एका विक्रेत्याने हात वर करायला लावले म्हणून. दामियानच्या हाताखालची एक पोरगी वही घेऊन फिरली आणि नावं लिहून घेतली. मी हात वर केला नाही. केला असता तर वीस झाले असते.

मी झेनोन. एकेचाळीस वर्षं या भागातली धुराडी साफ करतो. काळे कपडे, खांद्यावर दोरी, दोरीला लोखंडी गोळा आणि ब्रश. आमच्याकडे धुराडेवाला दिसला की लोक स्वतःच्या कोटाचं बटण चिमटीत धरतात. त्याने नशीब उघडतं म्हणे. पोस्टमास्तर धरतो, शिकलेली डॉक्टरीणबाई धरते. बटण धरून झालं की पुढे चालू लागतात, कारण मग माझ्याशी बोलायचं काही काम उरत नाही. एकेचाळीस वर्षं मी नशीब वाटत फिरतो आहे, त्यामुळे त्या मालात दम किती आहे ते मला नेमकं माहीत आहे.

बटण न धरणारी गावात एकच बाई होती. लेओकादियाबाई, शाळेच्या खानावळीत तीस वर्षं स्वयंपाक केलेली, आता अठ्ठ्याहत्तरची. पहिल्यांदा तिच्या दारात गेलो तेव्हा म्हणाली, “तुझ्याने नशीब उघडत असतं तर आधी तुझंच उघडलं असतं. पाय पूस आणि आत ये.” काम झालं की राय धान्याच्या पिठाचं आंबट सूप द्यायची, त्यात अर्धं उकडलेलं अंडं. मी जेवेपर्यंत समोर बसायची. वर्षातून दोनदा. बाकीचे दिवस मी घरी उभ्यानेच जेवतो.

तिचं घर एकेरी विटांचं. भिंतीला आतून हात लावला तर हात गारठावा असं. धुराड्यात तीन नळ्या: स्वयंपाकघराची, बैठकीच्या खोलीची, झोपायच्या खोलीची. स्वयंपाकघरात हिरव्या चिनीमातीच्या फरशांची कोळशाची चूल, तिच्या नळीतून दरवर्षी बादलीभर काजळी निघायची. बैठकीच्या नळीतून जेमतेम मूठभर. झोपायच्या खोलीच्या नळीतून कोळ्यांची जाळी.

याचा अर्थ मला पहिल्याच वर्षी कळला होता. नवरा हिएरोनिम गेल्यापासून बाईने खाट स्वयंपाकघरात आणली होती. नऊ हिवाळे ती त्या एका खोलीत राहत होती, बाकीच्या खोल्यांची दारं लावून, दाराखाली चिंध्या कोंबून. वर्षाला दोन टन कोळसा, कधी त्याहून कमी. बैठकीची शेगडी पेटायची फक्त एका दिवशी. नाताळनंतर फादर घरोघर आशीर्वादाला येतात त्या दिवशी. त्या दिवशी टेबलावर पांढरा कपडा, दोन मेणबत्त्या, खसखशीचा केक आणि ऊबदार बैठक. फादर पंधरा मिनिटं बसतात आणि पुढच्या घरी जातात.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. धुराड्यात दिसलेलं रस्त्यावर बोलायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत आहे. कोणाकडे चूल पेटत नाही, कोण जुने बूट जाळतो, आम्हाला सगळं ठाऊक असतं. त्या रीतीमुळेच लोक आम्हाला घरात घेतात.

त्या रविवारी अंगणातून परतताना मी बाईच्या बरोबर चाललो. म्हटलं, यंत्र खोटं नाही, क्लेमेन्सकडे ते खरंच चालतंय. पण त्याच्या भिंती बघितल्यात का? बाहेरून वीतभर जाडीचं थर्माकोल लावलंय, खिडक्या नव्या, रेडिएटर दाराएवढे. तुमच्या भिंतीतून ऊब चाळणीसारखी गळते. आधी भिंती झाकून घ्या, यंत्राचं मग बघू.

“भिंती दुसऱ्या टप्प्यात आहेत म्हणाला तो.”

“मग दुसरा टप्पा आधी करायला सांगा.”

ती थांबली. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. “तू घाबरलायस, झेनोन. धुराडी बंद झाली तर तू काय साफ करणार?”

खरंच घाबरलो होतो. धंद्यासाठी नव्हे, धंदा माझ्याबरोबर संपणारच आहे. वर्षातले ते दोन दिवस जातील म्हणून घाबरलो होतो. आणि मला कळेना की मी जे बोलतोय ते तिच्या भल्याचं आहे की माझ्या सुपाचं. म्हणून पुढे काही बोललो नाही. माझी चूक एवढी, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

पुढचं भराभर झालं. दामियानचा तपासनीस हातात टॅबलेट घेऊन आला तो नेमका फादर येण्याच्या दिवशी, तासभर आधी. घर तापलेलं, बैठकीत मेणबत्त्या. जूनमध्ये कारागीर आले. जुनी चूल फोडल्याचा फोटो दिल्याशिवाय अनुदान सुटत नाही, हा तुमचा नियम. हिरवी चूल घणाने फोडली, फोटो काढला, ढिगारा ट्रॉलीत भरला. बाईने एक अख्खी फरशी उचलून घेतली, किटलीखाली ठेवायला. अंगणात पांढरी पेटी आली, क्लेमेन्सच्या पेटीच्या निम्म्या आकाराची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दुसरी पेटी, फ्रिजएवढी. रेडिएटर होते तेच जुने, छोटे. एका आठवड्यात सगळं उरकलं. एकोणीस घरांपैकी आठ घरांत त्या उन्हाळ्यात असंच झालं. दुसरा टप्पा आठांपैकी एकाही घरात आला नाही, कारण कंपनीचा नफा पहिल्यातच वसूल झाला होता.

यंदाच्या जानेवारीत उणे एकोणीस झालं. चूल नसली तरी हवा खेळायच्या नळ्या वर्षातून एकदा तपासाव्या लागतात, कायदाच आहे, म्हणून मी गेलो. लेओकादियाबाईने दार उघडलं ते अंगात हिएरोनिमचा मेंढीच्या कातड्याचा कोट, डोक्यावर लोकरी टोपी. घरात. तोंडातून वाफ निघत होती.

रेडिएटर कोमट होते. कोपऱ्यातल्या पेटीवर बारा अंशाचा आकडा, त्याशेजारी एक पिवळा त्रिकोण लुकलुकत होता. हे काय, मी विचारलं. नोव्हेंबरपासून आहे, म्हणाली, दामियानला फोन केला होता.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, हा हिवाळी मोड. त्रिकोण पेटलाय म्हणजे यंत्र थंडीशी लढतंय.”

“आणि तुम्ही आकडा बारावर का आणलात?”

तिने खण उघडून विजेचं बिल दाखवलं. दोन महिन्यांचं बिल दोन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा मोठं होतं. तिने ते घडी घालून परत ठेवलं, उष्टी ताटली झाकावी तसं.

तेवढ्यात फादर बेनेडिक्ट आले. त्यांच्या फेरीचा दिवस होता. बैठकीत पांढरा कपडा होता, मेणबत्त्या होत्या, केक मात्र नव्हता. फादरनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. मी म्हटलं, आशीर्वादाआधी जरा अंगणात येता का, एक गंमत दाखवतो.

अंगणातल्या पेटीवर टोपीसारखा बर्फ साचला होता. जाळीवर बोटभर जाड पांढरा थर. मी पिशवीतून काजळीची चिमूट काढली आणि पंख्यासमोरच्या बर्फावर टाकली. पांढऱ्यावर काळा ठिपका.

“बघत राहा,” म्हटलं. “हे यंत्र हवेतून ऊब काढून घेतं आणि गार झालेली हवा समोर फेकतं. क्लेमेन्सच्या पेटीसमोर टोपी ठेवली तर उडून जाते. ही काजळी तर पिसाहून हलकी आहे.”

आम्ही उभे राहिलो. फादरनी घड्याळ बघितलं. कुंपणावर एक कावळा येऊन बसला आणि निघून गेला. ठिपका होता तिथेच होता.

“पंखा बंद आहे,” फादर म्हणाले.

“मेलाय. या थंडीला, या भिंतींना हे यंत्र फार लहान. धाप लागली, बर्फ धरला, बंद पडलं. त्रिकोणाचा अर्थ तो.”

“पण आत रेडिएटर कोमट आहेत, झेनोन. मी हात लावला.”

मग आत जाऊन मी फ्रिजएवढ्या पेटीचं पुढचं झाकण काढलं. चार स्क्रू. आत पितळी तोटीतून दोन जाड तारा एका नळकांड्यात गेल्या होत्या. मी फादरना विचारलं, चर्चमध्ये चहाचं पाणी कशावर उकळता?

“किटलीवर. विजेच्या.”

“तिच्या तळाशी कॉइल असते ना? ही तीच, फक्त मोठी. पंखा मेला की ही आपोआप चालू होते, म्हणजे घर गोठू नये. चार दिवसांची सोय म्हणून ठेवलेली. ही दोन महिने रात्रंदिवस जळतेय. एक ग्लास आत, एकच ग्लास बाहेर. हवेने काही दिलेलं नाही.”

फादर खुर्चीत बसले. “म्हणजे बाई एवढं घर किटलीवर तापवतायत.”

“आणि तुम्ही असल्या पेटीवर तीर्थ शिंपडलंत,” लेओकादियाबाई म्हणाली. फादर हसले, पण कान लाल झाले होते.

मी कंपनीचे कागद बघायला मागितले. तपासणीच्या पानावर लिहिलं होतं: पूर्ण घर तापवलं जातं, तिन्ही खोल्या वीस अंश, वर्षाला सहा टन कोळसा. मी ते वाचून वर बघितलं. बाई जमिनीकडे बघत होती. फादर समोर होते, मी कागद घडी करून परत दिला.

दामियान पुढच्याच रविवारी येणार होता, राहिलेल्या अकरा जणांच्या सह्या घ्यायला. सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. फादरनी प्रार्थनेच्या शेवटी एवढंच सांगितलं की सही करण्याआधी सगळ्यांनी झेनोनचं ऐकावं, आणि आपणही येणार आहोत.

हॉल भरला. दामियान पुन्हा थर्मास घेऊन आला होता. फादरनी त्याला तो उघडण्याआधीच थांबवलं. मग मी पुढे गेलो, काजळीच्या ठिपक्याचं सांगितलं, कॉइलचं सांगितलं. दामियानने हात जोडल्यासारखे केले.

“मंडळी, काका धुराडी साफ करतात. मी धुराडी बंद करतो. यांना राग येणारच. घोडागाडीवाल्याला मोटार कधी आवडलीय का?”

लोक हसले. दोघातिघांचा हात सवयीने बटणाकडे गेलेला मी बघितला.

“माझं जाऊ द्या,” मी म्हटलं. “क्लेमेन्सला विचारा. मीच त्याला सांगितलंय की तुला आता माझी गरज नाही. तुझं यंत्र चांगलं चालतंय, कारण तुझ्या भिंती झाकलेल्या आहेत. खरं की नाही?”

क्लेमेन्स मागे उभा होता. खरं आहे, म्हणाला, आणि मग स्वतःहूनच बोलला की भिंती त्याने आधी स्वतःच्या पैशाने केल्या होत्या. त्याची पेटी दाखवायला वापरली, त्याला वाटलं सगळ्यांना तसंच मिळणार.

दामियानने आवाज खाली आणला. कागद उचलला. सरकारी पद्धतीने हिशोब झालाय, म्हणाला. लेओकादियाबाईंचं घर आधी सहा टन जाळत होतं, आता शून्य. यापेक्षा मोठी बचत कुठली? हा आकडा मी नाही लिहिला, बाईंनी स्वतः सांगितला, सही आहे खाली.

सगळे तिच्याकडे वळले. माझ्याकडे उत्तर होतं. नऊ वर्षांच्या बादल्या माझ्या वहीत होत्या. पण ते उत्तर म्हणजे तिच्या बंद दारांखालच्या चिंध्या, ती स्वयंपाकघरातली खाट. ते माझं नव्हतं. मी तोंड मिटून उभा राहिलो. दामियानला वाटलं, जिंकलो.

लेओकादियाबाई उठली. कोटाची बटणं वरपर्यंत लावलेली होती.

“मी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “त्या पोराने विचारलं, किती जाळता. सगळे सहा टन जाळतात, मीही सहा म्हणाले. त्याने विचारलं, सगळ्या खोल्या तापवता का. फादर यायचे होते, बैठक तापवलेली होती. मी म्हणाले, हो. मी एका खोलीत राहते. नऊ वर्षं. दोन टनांत भागतं माझं.” मग दामियानकडे बघून, “नंतर तू स्वतः माझ्या झोपायच्या खोलीतही गेलास, कंपनीचे फोटो काढायला. तिथे शेगडीत कोळ्याचं जाळं होतं. तुला दिसलं होतं.”

दामियान म्हणाला, घरमालकाची सही प्रमाण मानतात.

हॉलमध्ये कोणी खोकलं. मग पुढच्या रांगेतून एक हात वर आला. पोस्टमास्तरच्या सासूचा. “मीसुद्धा एकाच खोलीत राहते,” ती म्हणाली. तिच्या मागे दुसरा. मग इकडून तिकडून. या वेळी मी मोजले नाहीत. तेच हात होते, तेच हातमोजे. मागल्या वर्षी ते हात कोण एकटं राहतं ते सांगत होते, या वर्षी कसं राहतं ते. एकमेकांच्या घरापासून पन्नास पावलांवर राहणाऱ्या माणसांना नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा कळलं की शेजारणीच्या घरातही दाराखाली चिंध्या आहेत.

त्या दिवशी एकाही कागदावर सही झाली नाही. दामियान थर्मास विसरून गेला. त्यात तीन ग्लास चहा होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. लबाडी उघडी पडली, अकरा घरं वाचली. पण ज्या आठ घरांत चुली फोडल्या होत्या तिथली थंडी काही उघडी पडून जात नाही. मी लेओकादियाबाईला म्हटलं, मी चूल परत बांधतो, फरशा मिळवतो, मजुरीही नको. तिने तुमचा करार पुढे ठेवला, बोट ठेवून ओळ दाखवली. पाच वर्षांच्या आत कोळसा पेटवला तर अनुदान पूर्ण परत करायचं. भिंती झाकायला तुमच्याकडे पुन्हा अर्ज केला, तर तुम्ही कळवलंत की या घराला कमाल अनुदान मिळून गेलेलं आहे. कंपनीचा फोन बंद झाला. आता तीच माणसं वेगळ्या नावाने दुसऱ्या खोऱ्यात पेट्या लावतायत असं ऐकतो.

फेब्रुवारीत नॉर्वेहून मुलगा आला, दोन दिवस राहिला, आणि तिला जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात पोचवून गेला. तिने फक्त कपडे आणि ती हिरवी फरशी नेली. मी रविवारी जातो. तिथे छान गरम असतं, अंगावर घाम येईल इतकं. खोलीत दुसऱ्या दोघी असतात, टीव्ही दिवसभर चालू. तिथलं सूप पातळ असतं असं म्हणते. मी जेवतो तेव्हा समोर बसते.

मार्चमध्ये मी तिच्या घराच्या छतावर चढलो. कोणी सांगितलं नव्हतं. दोरी सोडली, गोळा तळापर्यंत गेला, ब्रश वर ओढला. तो स्वच्छ निघाला. एकेचाळीस वर्षांत मी स्वच्छ ब्रश वर ओढलेला नव्हता.

आता इतर गावांतल्या लोकांना, ज्यांच्या अंगणात उद्या अशी पेटी येईल. यंत्राला घाबरू नका, ते चांगलं आहे, शास्त्राने बनवलंय. पण फुकट या शब्दाला टाळी वाजवण्याआधी आपल्या भिंतीला हात लावा. तो गारठला तर आधी भिंत. दुसऱ्याच्या घरातली ऊब बघून सही करू नका. पंखा फिरतो का ते स्वतः बाहेर जाऊन बघा, चिमूटभर राख पुरते. आणि कोणी विचारलं किती जाळता, तर खरं सांगा. एका खोलीत राहणं ही लाज नाही. ती लाज असलीच तर तुमची नाही.

आणि आता तुम्ही, शिक्केवाले. तुमचा नियम म्हणतो, एकट्या आणि गरीब माणसाला सगळ्यात जास्त. हेतू चांगला असेल, मी नाकारत नाही. पण तुम्ही पैसा एकट्याच्या नावावर ठेवलात आणि राखणीला कोणी ठेवला नाही, म्हणून चोर सरळ एकट्यांच्याच दारात आले. तुम्ही भिंतीआधी पेटीला पैसे दिलेत. काम झाल्यावर एकही माणूस थर्मामीटर घेऊन आला नाही. फक्त कागदाच्या एका टोकाला सहा लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि तुम्ही वजाबाकी केलीत. दामियानच्या थर्मासमध्ये निदान खरा चहा होता.

दोन टन कोळसा लेओकादियाबाई जाळत होती. तो थांबला, मान्य. त्याच्या बदल्यात तिचं घर थांबलं. उरला चार टन. तो कोळसा कुठल्याही गाडीतून तिच्या दारात उतरला नाही, कोणाच्या चुलीत गेला नाही, माझ्या बादलीत त्याची काजळी आली नाही. तरी तो तुमच्या अहवालात आहे, पान एकेचाळीस, वाचवलेला. जो कोळसा कधी नव्हताच तो तुम्ही वाचवलात कसा? आणि अशी घरं त्या एका अहवालात किती आहेत?

उत्तर द्या. माझा पत्ता पाकिटावर आहे. खाली शिक्का नको, नाव लिहा.